घरचं मशीन शॉप: हत्यारं आणि सामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी छोटा लेथ (वस्तू फिरवून कापणारं मशीन) किंवा मिलिंग मशीन (फिरत्या कटरने कापणारं) घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या लोकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, पुढे अडचणीचे आणि अपवादाचे येतात. एकाच गोष्टीचा संबंध दोन प्रश्नांशी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळ्या उत्तरांमागे एकच अनुभव आहे: जॉब, म्हणजे कापायची वस्तू, कसा धरलाय, हत्याराला धार किती आहे आणि माप कसं घेतलंय या तीन गोष्टी सांभाळल्या तर साध्या मशीनवरही चांगलं काम निघतं.

१. आधी लेथ घ्यावा की मिलिंग मशीन?

बहुतेकांसाठी लेथ. गोल वस्तू, बुश, पिन, स्पेसर, आटे, बोअर ही कामं सतत निघतात आणि ती दुसऱ्या कशावरही नीट होत नाहीत. शिवाय लेथवर क्रॉस स्लाइडला (टूल आडवं सरकवणारा भाग) जॉब बांधून आणि कटर स्पिंडलमध्ये (मशीनचा फिरणारा दांडा) धरून थोडंफार मिलिंग करता येतं. मिलिंग मशीनवर टर्निंग (फिरत्या जॉबचा व्यास कापणं) मात्र फार गैरसोयीचं आहे. तुमचं काम मुख्यतः प्लेट, ब्रॅकेट, खाचा आणि भोकांच्या मांडणीचं असेल तर उलट निर्णय घ्या. दोन्ही एकात असलेली कॉम्बो मशीन जागा वाचवतात, पण दर वेळी मांडणी बदलण्यात वेळ जातो आणि मिलिंगच्या बाजूला कडकपणा कमी पडतो. जागेची खरीच अडचण असेल तरच त्यांचा विचार करावा.

२. मशीनशिवाय अजून किती खर्च धरायचा?

मशीनला जितके पैसे लागतील साधारण तितकेच हळूहळू बाकीच्या सामानावर जातील, असं धरून चाला. हे सगळं पहिल्या दिवशी घेऊ नका. सुरुवातीला मापाची साधनं (प्रश्न ४), थोडे एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल आणि बेंच ग्राइंडर (प्रश्न ७, ८), ड्रिलचा एक चांगला संच, मजबूत बेंच व्हाइस, दोन-तीन कानशी, हॅक्सॉ, सेंटर पंच, गुण्या आणि डोळ्यांचा चष्मा एवढं पुरतं. पुढचं सामान एखादं काम अडलं की घ्या.

‘शंभर नगांचा संच’ अशा पेट्या टाळा. त्यातले दहा-बारा नग वापरात येतात आणि नेमके तेच लवकर बोथट होतात. तेवढ्याच पैशांत रोजच्या मापाचे पाच चांगले नग येतात.

३. जुना लेथ बघायला चाललोय. काय तपासू?

रंगाकडे बघू नका. चकजवळचा (चक म्हणजे जॉब पकडणारा जबडा) बेड, म्हणजे खालचे रूळ, बघा, कारण सगळ्यात जास्त झीज तिथेच होते. कॅरेज (बेडवरून सरकणारा, टूल धरणारा भाग) चकजवळ असताना तिचं लॉक किंचित घट्ट करा आणि ती टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे, न्या. तिकडे जाताजाता ती जाम होत असेल तर चकजवळचा भाग झिजलेला आहे. थोडा फरक चालतो, पण मधेच पूर्ण अडकत असेल तर विचार करा.

नंतर स्पिंडल. चकमध्ये जाडसर बार धरा, चकच्या जवळ डायल गेज लावा आणि बार हाताने वरखाली दाबून बघा. काटा सहज हलत असेल तर बेअरिंगमध्ये खेळ आहे. तो नुसता ॲडजस्ट करून जाईल की बेअरिंग बदलावं लागेल, हे विकणाऱ्याला विचारा. मशीन सर्वांत जास्त वेगावर काही मिनिटं चालवून आवाज आणि हेडस्टॉकची (स्पिंडल आणि गिअर असलेली पेटी) गरमी बघा. गिअरचे दात एकेक करून तपासा.

क्रॉस स्लाइडच्या हँडलमधला खेळ बघून घाबरू नका. नट बदलता येतं आणि खेळ लक्षात ठेवून कामही करता येतं. सोबत काय मिळतंय हे मात्र नीट मोजा: चेंज गिअरचा पूर्ण संच, फोर-जॉ (चार जबड्यांचा) चक, फेसप्लेट, स्टेडी (लांब जॉबचा आधार). जुन्या मशीनचं हे सामान सुटं शोधणं फार कठीण जातं. त्यामुळे थोडा झिजलेला पण सगळ्या सामानासकट मिळणारा लेथ हा चकचकीत पण नुसत्या लेथपेक्षा मला केव्हाही बरा वाटतो.

४. डिजिटल व्हर्नियर घेऊ की साधा? मायक्रोमीटर लागतोच का?

रोजच्या कामाला १५० मिमीचा एक चांगला कॅलिपर पुरतो. साध्या व्हर्नियरला सेल लागत नाही, डायलचा वाचायला सोपा असतो पण रॅकमध्ये कीस (कापताना निघणारे धातूचे कण) अडकला की उडी मारतो, डिजिटल सगळ्यांत सोयीचा. कुठलाही घेतलात तरी कॅलिपरवर ०.०२ ते ०.०३ मिमीपेक्षा जास्त भरवसा ठेवू नका. पडद्यावर ०.०१ दिसतं म्हणून ते खरं असतंच असं नाही.

बेअरिंग बसवायची असेल, पिन भोकात नेमकी सरकायला हवी असेल, तर ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर हवाच. २५ ते ५० चा नंतर घ्या. त्याबरोबर डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड आणा. ही जोडी मापापेक्षा जॉब सरळ बांधायला जास्त कामाला येते (प्रश्न १२).

दोन सवयी लावून घ्या. माप घेण्याआधी जबडे कागदावर ओढून पुसा आणि शून्य तपासा. आणि फिरत्या जॉबवर कधीही माप घेऊ नका.

५. डिजिटल कॅलिपरचा सेल महिन्याभरातच संपतो. कॅलिपर खराब आहे का?

बहुधा नाही. बऱ्याच स्वस्त कॅलिपरमध्ये बटण बंद केलं तरी आतलं सर्किट जागंच असतं, फक्त पडदा विझतो. शिवाय एलआर४४ हा अल्कलाइन सेल वापरताना त्याचा व्होल्टेज हळूहळू घसरत जातो आणि सेल शिल्लक असतानाच पडदा लुकलुकायला लागतो. त्याच आकाराचा एसआर४४ हा सिल्व्हर ऑक्साइड सेल टाका. तो शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. कॅलिपर बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवा.

६. मशीनवर माप बरोबर होतं, दुसऱ्या दिवशी जॉब बारीक भरला. असं कसं?

जॉब गरम असताना मोजला. मापांचं प्रमाणित तापमान २० अंश सेल्सिअस आहे. १०० मिमीचं पोलाद १० अंशांनी तापलं की सुमारे ०.०१२ मिमी वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ०.०२३ मिमी. जोरात टर्निंग केल्यावर जॉब १० अंशांहून कितीतरी जास्त तापतो. शेवटचा कट घेण्याआधी जॉब थंड होऊ द्या. मायक्रोमीटरही हातात धरून ठेवू नका, तळहाताची ऊब त्यालाही लागते.

७. एचएसएस टूल घ्यावेत की कार्बाइड इन्सर्ट (टूलला लावायचे कठीण, बदलता येणारे तुकडे)?

दोन्ही, पण सुरुवात एचएसएसने करा. हलक्या मशीनला धारदार हत्यार लागतं आणि एचएसएसला जी धार येते ती साध्या इन्सर्टला नसते. आकार हवा तसा घासून घेता येतो, बोथट झालं की दोन मिनिटांत पुन्हा धार लागते. मुख्य म्हणजे धार लावताना कोन कशासाठी असतात हे कळतं. ते कळलं की पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात.

कार्बाइड कुठे लागतं? बिडाच्या ओतीव कवचावर, कठीण पोलादावर, आणि एकसारखे बरेच नग काढायचे असतील तेव्हा. त्याला वेग आणि कडक मशीन हवं. हळू चालवलं, कमी कट दिला की ते घासतं आणि फिनिश राखाडी येतं.

इन्सर्टवरच्या अक्षरांना घाबरू नका. सीसीएमटी ०६०२०४ मधला शेवटचा ०४ म्हणजे टोकाची त्रिज्या ०.४ मिमी. लहान लेथवर ०.२ किंवा ०.४ घ्या, ०.८ घेतलंत तर हादरे येतील. कटची खोली साधारण या त्रिज्येपेक्षा जास्त ठेवावी. तिसरं अक्षर एमऐवजी जी असलेले, म्हणजे सीसीजीटी, चकचकीत घासलेले इन्सर्ट ॲल्युमिनियमसाठी विकतात. त्यांची कड खूप तीक्ष्ण असते, म्हणून हलक्या मशीनवर ते साध्या पोलादालाही सुंदर फिनिश देतात. फक्त खडबडीत कामाला वापरू नका, कड लगेच तुटते.

८. बेंच ग्राइंडरला कोणता दगड लावू? ॲल्युमिनियम घासलं तर चालतं का?

एचएसएससाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पांढरा किंवा राखाडी दगड, एका बाजूला जाडसर, दुसऱ्या बाजूला ६० ते ८० ग्रिट. ब्रेझ केलेल्या कार्बाइड टूलला हिरवा सिलिकॉन कार्बाइड दगड. दगड गुळगुळीत, चकाकता दिसू लागला की ड्रेसरने साफ करा, नाहीतर तो कापत नाही, नुसता तापवतो.

ॲल्युमिनियम, पितळ, तांबं ग्राइंडरवर घासू नका. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो. ॲल्युमिनियमच्या भुकटीवर पोलादाच्या ठिणग्या पडल्या तर आगीचाही धोका असतो. मऊ धातूला कानस किंवा सँडिंग बेल्ट वापरा, आणि बेल्टवरची भुकटी साफ करूनच त्यावर पोलाद घासा.

नवा दगड बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी दांड्याने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आवाज आला तर तडा आहे, फेकून द्या. दगडावर लिहिलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा जास्त असलीच पाहिजे. दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर काढू नका. टूल रेस्ट आणि दगड यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. नवा दगड पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभं राहून एक मिनिट फिरू द्या.

धार लावताना एचएसएस निळं पडलं तरी त्याचा कडकपणा जात नाही, ते सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकतं. साध्या कार्बन पोलादाची छिन्नी किंवा पंच निळा पडला की मऊ झाला समजा. कार्बाइड मात्र गरम असताना पाण्यात कधीच बुडवू नका, तडकतं.

ग्राइंडर लेथपासून लांब ठेवा. दगडाची धूळ बेडवर बसली की बेड झिजतो.

९. मशीन किती आरपीएमवर चालवायचं हे कसं ठरवायचं?

धातूचा कटिंग वेग मीटर प्रति मिनिटमध्ये घ्या, त्याला ३२० ने गुणा आणि मिमीमधल्या व्यासाने भागा. टर्निंगला व्यास जॉबचा, ड्रिलिंग-मिलिंगला व्यास कटरचा.

एचएसएससाठी वेग साधारण असे: साधं पोलाद २५, बीड १८ ते २०, स्टेनलेस १२ ते १५, पितळ ४५ ते ६०, ॲल्युमिनियम ६० ते ९०. उदाहरणार्थ २५ मिमीचा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा, बार: ३२० गुणिले २५ भागिले २५, म्हणजे ३२० आरपीएम. १० मिमीचं ड्रिल एमएसमध्ये: ८००. कार्बाइडला वेग तीन-चार पट चालतो. रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) निम्म्या वेगावर आणि पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) त्याहूनही हळू.

हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. हादरे आले तर आधी वेग कमी करा आणि फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याची गती, वाढवा. फीड कमी करण्याकडे हात आपोआप जातो, पण त्याने टूल घासायला लागतं आणि हादरे वाढतात.

१०. ड्रिलचा कोणता संच घ्यावा? पितळेत ड्रिल एकदम आत खेचलं जातं, ते का?

१ ते १० मिमी, अर्ध्या मिमीच्या फरकाने, एचएसएसचा संच. त्यात टॅपिंगची मापं (प्रश्न ११) प्रत्येकी दोन-दोन जोडा. स्टेनलेस किंवा कठीण पोलाद असेल तर पाच टक्के कोबाल्ट असलेले, १३५ अंश टोकाचे काही नग. सोनेरी लेप बघून ड्रिल घेऊ नका. हलक्या पोलादावर तो लेप असला तरी आतलं पोलाद बदलत नाही.

पितळेचं उत्तर: ड्रिलच्या धारेला जो पुढे झुकलेला कोन असतो तो मऊ, ठिसूळ कीस निघणाऱ्या धातूत स्क्रूसारखा आत ओढला जातो. ड्रिलच्या दोन्ही धारांवर बारीक ऑइल स्टोन उभा, ड्रिलच्या अक्षाला समांतर धरून अगदी अरुंद सपाट पट्टी पाडा. मग ड्रिल खेचलं जात नाही. ॲक्रिलिकलाही हेच करा. अशी चार-पाच ड्रिलं वेगळी ठेवा, कारण पोलादात ती नीट चालत नाहीत.

पातळ पत्र्यात साधं ड्रिल तीन कोनी भोक पाडतं. त्यासाठी स्टेप ड्रिल वापरा.

११. कोणत्या टॅपला (भोकात आटे पाडणारं हत्यार) कोणतं ड्रिल? तक्ता पाठ कसा करू?

पाठ करायची गरज नाही. मेट्रिक आट्यांसाठी व्यासातून पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वजा करा. एम६ ची पिच १, म्हणून ५ मिमी. एम८ ची १.२५, म्हणून ६.८. एम१० ची १.५, म्हणून ८.५. एम५ ला ४.२, एम४ ला ३.३, एम३ ला २.५.

याने साधारण ७७ टक्के खोलीचे आटे मिळतात. स्टेनलेस किंवा चिवट पोलादात, आणि आट्यांची लांबी व्यासाइतकी किंवा जास्त असेल तर, थोडं मोठं ड्रिल घ्या. एम६ ला ५.२ घेतलं तर आटे ६० टक्क्यांच्या आसपास येतात. ताकद फारशी कमी होत नाही, टॅप फिरवायला लागणारा जोर मात्र बराच कमी होतो. पत्र्यासारख्या पातळ जॉबमध्ये ही सूट घेऊ नका.

हाताच्या टॅपचा तिघांचा संच घ्या. मशीनवर किंवा जास्त कामाला आरपार भोकासाठी गन टॅप, तो कीस पुढे ढकलतो. बंद भोकासाठी स्पायरल फ्लूट, तो कीस वर काढतो. टॅप सरळ जावा म्हणून त्याच्या मागच्या सेंटरला टेलस्टॉकचा किंवा ड्रिल मशीनमधला सेंटर टेकवा. बहुतेक टॅप तिरके गेल्यामुळेच तुटतात. तुटलाच तर प्रश्न १९ पाहा.

१२. थ्री-जॉ चकमध्ये जॉब डुगडुगत फिरतो. चक बदलू का?

आधी साफ करा. जॉ बाहेर काढा, स्क्रोलमधला (जॉ सरकवणारी आतली गोल आट्यांची चकती) कीस घासून काढा, जॉ क्रमाने परत बसवा: १ नंबरचा जॉ १ नंबरच्या खाचेत, पुढे २, मग ३. क्रम चुकला तर जॉब केंद्रात येऊच शकत नाही. चकच्या मागचं बॅकप्लेटही पुसून बघा.

यानंतर ०.०५ ते ०.१ मिमी फरक राहिला तर तो साध्या थ्री-जॉला सामान्य आहे आणि बहुतेक कामांना अडत नाही, कारण एकाच पकडीत टर्निंग, बोअरिंग आणि फेसिंग केलं की सगळे पृष्ठभाग आपापसांत एककेंद्रीच होतात. जॉब उलटवून पुन्हा धरायचा असेल तेव्हा मात्र फोर-जॉ घ्या आणि डायल गेजने ०.०१ पर्यंत आणा. समोरासमोरच्या जॉची जोडी घ्यायची, फरकाच्या निम्म्याने सरकवायचं, मग दुसरी जोडी. चार-पाच जॉबनंतर हे काम काही मिनिटांत होतं. फोर-जॉची भीती वाटत असेल तर ती घालवणं हा या छंदातला सगळ्यात फायद्याचा अभ्यास आहे.

१३. मिलिंग कटर ड्रिल चकमध्ये धरला तर काय बिघडतं?

ड्रिल चक फक्त खाली दाबण्यासाठी बनलेला असतो. मिलिंगमध्ये बाजूचा दाब येतो, कटर जबड्यांतून हळूहळू खाली सरकतो आणि हादऱ्यांनी चक टेपरवरून निसटूही शकतो. फिरता कटर आणि चक दोन्ही सुटतात. हे करूच नका.

ईआर कॉलेट (कटरला चोहोबाजूंनी आवळणारी चिरलेली नळी) घ्या. लहान मशीनला ईआर२५ किंवा ईआर३२, आणि टेपरमागे ड्रॉबार (टेपर मागून ओढून धरणारा बोल्ट) असलाच पाहिजे. कॉलेट आधी नटमध्ये तिरका घालून ‘टक’ असा बसवायचा, मग नट चकवर लावायचा. उलट केलं तर कॉलेट केंद्राबाहेर जातो आणि नंतर बाहेर निघत नाही. कटरसाठी कॉलेट नेमक्या मापाचाच वापरा.

१४. कापताना कोणतं तेल वापरू?

बीड आणि पितळ: कोरडं. ॲल्युमिनियम: रॉकेलचे थोडे थेंब, म्हणजे कीस टूलला चिकटत नाही. रॉकेल ज्वालाग्राही आहे, म्हणून भरपूर ओतू नका आणि जवळ ठिणगी नको. पोलाद टर्निंगला ब्रशने लावलेलं कटिंग ऑइल, टॅपिंगला गंधकयुक्त जाड कटिंग ऑइल किंवा टॅपिंग पेस्ट. घरच्या शॉपला ब्रश आणि छोटी डबी पुरते.

पंपाने सोडायचं विरघळणारं तेल घ्यायचंच असेल तर सुमारे ५ टक्के ठेवा. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. आठवड्यातून एकदाच मशीन चालत असेल तर हे द्रव टाकीत कुजतं. वर तरंगणाऱ्या तेलाच्या थराखाली हवा पोचत नाही आणि जंतू वाढतात, वास त्याचाच. म्हणून कधीमधी काम करणाऱ्याला मी टाकी-पंपाचा सल्ला देत नाही.

१५. मशीनच्या बेडला आणि गिअरला गाडीचं इंजिन ऑइल चालतं का?

न घालण्यापेक्षा बरं, पण योग्य नाही. इंजिन ऑइलमधली रसायनं घाण तेलात तरंगत ठेवतात, कारण इंजिनात पुढे फिल्टर असतो. हेडस्टॉकमध्ये तो नसतो. बेडला व्हीजी ६८ (तेलाच्या जाडीचा क्रमांक) स्लाइडवे ऑइल, हेडस्टॉकला मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जाडीचं हायड्रॉलिक किंवा गिअर ऑइल. जुन्या मशीनला ब्रॉन्झचे बुश असतील तर गाडीच्या गिअरबॉक्सचं ईपी (जास्त दाब सोसणारं) तेल घालू नका, त्यातलं गंधक तांबेयुक्त धातू खातं.

१६. रोज पुसतो तरी गंज येतो. काय करू?

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर गंज खूप मंदावतो. पण खरा त्रास थंड लोखंडावर उबदार दमट हवा आली की होतो, पाणी सरळ मशीनवर धरतं. त्यामुळे खोली एकदम तापवण्यापेक्षा मशीन सतत किंचित उबदार ठेवणं आणि वर कापड टाकणं जास्त उपयोगी. खोलीत धुराडं नसलेली गॅसची शेगडी लावू नका, जळताना पाण्याची वाफ निघते.

हायड्रोक्लोरिक ॲसिड, ब्लीच, फेरिक क्लोराइड यांच्या बाटल्या त्या खोलीतून बाहेर काढा. झाकण बंद असलं तरी त्यांच्या वाफेने सगळी हत्यारं गंजतात. या एका कारणाकडे लोकांचं लक्ष सर्वांत उशिरा जातं.

आलेला गंज काढायला सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण पुरतं, नंतर धुऊन लगेच वाळवा आणि तेल लावा. धुण्याच्या सोड्यात वीज सोडून गंज काढत असाल तर दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस नको. त्यातून विषारी क्रोमियम संयुगं तयार होतात.

१७. भंगारातलं लोखंड वापरू का?

शिकायला वापरू नका. काय धातू आहे हे माहीत नसलं की फिनिश खराब आला तो तुमच्यामुळे की धातूमुळे, हे कळत नाही. सुरुवातीला फ्री-कटिंग पोलाद, फ्री-कटिंग पितळ आणि ६०६१ किंवा ६०८२ ॲल्युमिनियम घ्या. फ्री-कटिंग पोलाद वेल्डिंगला मात्र चांगलं नाही.

भंगारातलं घेताना कानस फिरवून बघा. कानस घसरली तर जॉब कठीण आहे. हायड्रॉलिक रॉड वरून कठीण केलेले आणि क्रोम लावलेले असतात, बांधकामाची सळई एकसारखी नसते. काळ्या बारवर कठीण पापुद्रा असतो, पहिलाच कट त्याच्या खाली जाईल इतका खोल द्या.

एक अपवाद नेहमी गोंधळात टाकतो: चकचकीत कोल्ड ड्रॉन पट्टी एका बाजूने मिल केली की वाकते. तिच्या कवचात ताण साठलेला असतो आणि एक बाजू कापली की तो मोकळा होतो. दोन्ही बाजूंनी सारखं काढा, किंवा हॉट रोल्ड पट्टी घ्या.

१८. बार टेपर होतो, म्हणजे एका टोकाला बारीक होतो. टेलस्टॉक न वापरताही होतो.

मग बेडला पीळ आहे किंवा हेडस्टॉक तिरका आहे. २५ मिमीचा बार १५० मिमी बाहेर काढून धरा, मधला भाग कमी करून दोन टोकांना दोन कॉलर ठेवा. टेलस्टॉक न लावता एकाच सेटिंगवर दोन्हींवर अगदी हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर टेलस्टॉककडच्या पायांखालचं पॅकिंग थोडं बदला, पुन्हा कट घ्या. लेव्हल हे यातलं साधन आहे, खरा निकाल कॉलरच देतात. सेंटर लावल्यावरच टेपर येत असेल तर टेलस्टॉक सरकवा.

१९. टॅप भोकात तुटला. काढायचा उपाय?

जॉब ॲल्युमिनियम किंवा पितळेचा असेल तर तुरटी वापरा. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घालून जॉब त्यात ठेवा आणि उकळीच्या जवळ तापवत राहा. पोलादी टॅप हळूहळू विरघळतो, जॉबला फारसं काही होत नाही. मापाप्रमाणे काही तास ते एक-दोन दिवस लागतात. भांडं काचेचं घ्या, लोखंडी नको, आणि खोली हवेशीर ठेवा. टॅपभोवती बुडबुडे यायचे थांबले तर सुईने कीस मोकळा करा. जॉबमधल्या पोलादी पिना, बुश आधी काढून घ्या, त्याही विरघळतील.

जॉब पोलादाचा असेल तर हा उपाय नाही. टॅप वर दिसत असेल तर त्यावर नट वेल्ड करून काढतात, आत असेल तर कार्बाइड कटरने मधून खाऊन काढावा लागतो.

२०. पार्टिंग करताना टूल नेहमी अडकतं.

टूल अगदी सेंटरला, जॉबला काटकोनात, आणि हवं तेवढंच बाहेर. कंपाउंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची छोटी स्लाइड) आणि कॅरेज लॉक करा. चकच्या जितकं जवळ कापता येईल तितकं जवळ. वेग कमी, तेल भरपूर, आणि फीड न थांबवता. हे सगळं करूनही अडकत असेल तर क्रॉस स्लाइडच्या गिब (खेळ कमी करणाऱ्या पट्ट्या) सैल असतील. त्या आवळल्यावर बहुतेकांचा त्रास संपतो.

२१. हातमोजे घालून काम केलं तर कीस लागणार नाही ना?

फिरत्या मशीनवर हातमोजे कधीही घालू नका. कीस लागला तर कापतं, हातमोजा अडकला तर हात आत ओढला जातो. लांब बाह्या, अंगठी, घड्याळ, मोकळे केस, गळ्यातलं कापड यांनाही हेच लागू. लांब कीस मशीन थांबवून आकड्याने काढा. चक-की (चक आवळायची चावी) चकमध्ये एक क्षणही सोडू नका. तिच्यावरचा हात उठला की की बाहेर यायलाच हवी. कीस काढायला कॉम्प्रेसरची हवाही नको, ती तो डोळ्यांत आणि स्लाइडखाली नेते.

२२. थ्री-फेज मोटरचं मशीन घरच्या सिंगल फेजवर चालेल का?

व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटर चालवणारं उपकरण) लावून चालतं, शिवाय वेगही बदलता येतो. मोटरच्या नामफलकावर दोन व्होल्टेज असतील तर ती खालच्या व्होल्टेजसाठी डेल्टामध्ये जोडावी लागते. फक्त वरचाच व्होल्टेज असेल तर सिंगल फेजच्या साध्या व्हीएफडीवर पूर्ण ताकद मिळत नाही. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये मशीनचा जुना स्विच ठेवू नका. चालू असताना तो उघडला तर व्हीएफडी जळू शकतो. स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा. फार कमी वेगावर मोटरचा पंखाही मंद फिरतो आणि मोटर तापते, म्हणून मोठा कट असेल तर बेल्ट बदला. वीज बंद केल्यावरही व्हीएफडीतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात. जोडणी विजेचं काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

२३. अर्ध्या इंचाच्या पाइपचे आटे पाडायचे आहेत, पण अर्धा इंच टॅप खूप लहान पडतो.

पाइपचं माप आट्यांचं माप नसतं. अर्धा इंच बीएसपीचा (पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश प्रमाण) बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी आहे, इंचाला १४ आटे. पाइपचे टॅप-डाय वेगळे मागावे लागतात.

असाच दुसरा फसवा प्रकार: पाव इंची व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश आटे) आणि पाव इंची यूएनसी (अमेरिकन आटे), दोन्हींना इंचाला २० आटे. बोल्ट एकमेकांत जातात, पण व्हिटवर्थचा कोन ५५ अंश आणि यूएनसीचा ६०, त्यामुळे ते नीट टेकत नाहीत. जोर येणार असेल तर ही अदलाबदल नको. अर्ध्या इंचाला तर व्हिटवर्थ १२ आणि यूएनसी १३, तिथे नट अडकतोच. पिच गेज जवळ ठेवा.

२४. इंची लीड स्क्रूच्या (आटे पाडताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) लेथवर मेट्रिक आटे पडतील का?

पडतील. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी आणि त्याच्या पाचपट १२७, म्हणून १२७ दातांचा गिअर लावला की रूपांतर अचूक होतं. तो मावत नसेल तर १२७ ला १०० या प्रमाणाऐवजी ८० ला ६३ वापरा. फरक साधारण ८,००० मध्ये १ इतकाच पडतो, नटबोल्टच्या लांबीवर तो जाणवत नाही.

एकच अट पाळायची: आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा) उघडायचा नाही. थ्रेड डायल (हाफ नट पुन्हा कधी लावायचा हे दाखवणारी तबकडी) इथे उपयोगाचा नाही. टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवून कॅरेज परत आणा, मग पुढचा कट द्या. तुमचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसत असेल तर मोटर उलटी फिरवताना तो सुटू शकतो. अशा लेथवर मोटर वापरू नका, स्पिंडलच्या मागे हाताचं हँडल लावून फिरवा. छोट्या आट्यांना ते सोयीचंही पडतं, कारण खांद्याजवळ नेमकं थांबता येतं.